काळ्या तेलाचं गाळणं

परवा नातवाच्या पिकअपचं स्टिअरिंग कुरकुरायला लागलं, म्हणून मीही त्याच्यासोबत गॅरेजात जाऊन बसले. म्हातारीने गॅरेजात काय जायचं, असं सुनेचं म्हणणं. मी म्हटलं, देवळात जाऊन तरी काय करू, तिथे कोणी बोनेट उघडत नाही. गॅरेजातल्या पोराने पाहून सांगितलं की स्टिअरिंगच्या तेलात कचरा झालाय. तेल बदलून देतो आणि परतीच्या नळीत मध्येच एक छोटा फिल्टर बसवून देतो. गाडीसोबत येत नाही तो, पण बसवला की पंप टिकतो. नातू लागला वाद घालायला, की गाडीसोबत आला नाही तर आपण काऊन बसवाचा? मी त्याला गप्प केलं, फिल्टर हातात घेतला, फिरवून पाहिला आणि त्या पोराला विचारलं, "बाबू, हा चोंदला तर काय होते?" पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "आजी, आत एक झडप आहे. चोंदला तर ती आपोआप उघडते, तेल अडत नाही." मी म्हटलं, "मग बसव." रस्त्याने येताना नातू विचारत होता, तुला हे कसं सुचलं. सुचलं-बिचलं काही नाही. हा प्रश्न मी सोळाव्या वर्षी शिकले, आणि शिकता शिकता बापाचा ट्रक भंगारात घालत होते.

आमचं घर गोंडपिपरीत, तेल्याचं. अंगणातच लाकडी घाणा. पहाटे डोळा उघडायच्या आधी कानात त्याची करकर यायची आणि त्यामागून बैलाच्या गळ्यातली घंटा, एका फेरीला एकदा ठण्ण करणारी, कारण घाण्याच्या एका बाजूला जमीन थोडी खचलेली होती आणि तिथेच बैलाची मान हलायची. दिवाळीनंतर तीळ, मग जवस, आणि उन्हाळा संपता संपता मोहाच्या बिया, आमच्याकडे त्याला टोळी म्हणतात. टोळीचं तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजून जाते. माय ते बोटाने खरवडून कढईत टाकायची आणि त्यात लाखोळीच्या डाळीचे वडे तळायची. तो वास काही लोकांना सहन होत नाही. माझ्या सुनेला होत नाही. मला अजूनही त्या वासाने भूक लागते, काय करू.

घाण्याचा मालक म्हणजे माझा मोठाबा, बापाचा थोरला भाऊ. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा, आणि पांढऱ्याशुभ्र मिशीवाला. माय त्याच्यापुढे पदर घेऊन राहायची आणि त्याच्याशी थेट बोलत नसे. जेठाशी बोलायची आमच्यात रीतच नव्हती. जे सांगायचं ते भिंतीआडून माझ्या नावाने सांगायची. "कौशे, मोठाबाले म्हण, जेवाले वाढलं हाये." मोठाबा तीन हातांवर बसलेला, सगळं ऐकू येत असलेला, पण मी जाऊन पुन्हा सांगितल्याशिवाय उठायचा नाही. तर या मोठाबाची तेल पारखायची एक पद्धत होती. थेंबभर तेल अंगठ्यावर घ्यायचा, बोटाने चोळायचा, डोळे मिटून. कणी लागली, गाळ लागला, तर बोट भिंतीला पुसून उठून जायचा. ती भिंत त्या ठिकाणी काळी पडली होती. आणि तेल पटलं तर तेच बोट मिशीवर फिरवायचा. बस. तोंडाने चांगलं म्हणाला असं मला आठवत नाही.

तेल गाळायचं काम माझं. आरमोरीच्या कोष्ट्यांकडून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचे तुकडे यायचे, विणताना डाग पडलेले, काठ फाटलेले. सुती फडकं तेल पिऊन टाकते, कोसा पीत नाही. दुहेरी कोसा मडक्याच्या तोंडाला बांधायचा, वरून तेल सोडायचं आणि बसून राहायचं. घाई केली, कापड पिळलं, की गाळ खाली उतरलाच समजा. घरचा कायदा एकच होता, गाळल्याबिगर एक थेंब गिऱ्हाइकाच्या भांड्यात जायचा नाही. एकदा मी कंटाळून अर्धा शेर तसाच ओतला, तर मोठाबाने ते सगळं भांडं माझ्यादेखत उकिरड्यावर उपडं केलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

माझ्या बापाला, गणपतला, हे सगळं येत होतं आणि यातलं काहीच आवडत नव्हतं. "मले गोल नाई फिराचं," तो म्हणायचा. "बैल गोल फिरते, बैलामागं मी गोल फिरतो. मले एकडाव सरळ जाचं हाय." आणि एक दिवस त्याने घाण्यातला आपला वाटा मोठाबाला देऊन टाकला आणि नागपुराहून लढाईतला एक जुना ट्रक घेऊन आला. डिस्पोजलची गाडी म्हणायचे त्यांना. फौजेने टाकून दिलेल्या, रंग उडालेल्या, नाकाड पुढे आलेल्या. गावातली पोरं तिच्यामागं धावली, माय ओवाळायला ताट घेऊन आली, आणि मोठाबा घाण्यावरून उठला नाही. त्याच आठवड्यात त्याने मूल गावच्या बाजारातून एक जादाचा बैल आणला आणि ट्रक उभा राहायचा त्या जागेसमोर बांधला. म्हणाला, "गणपता, तू वापस येशीन तवा लागन." मग त्या बैलाला त्याने कधी घाण्याला जुंपलं नाही. दोन वेळा चारा, पाणी, आणि नुसता उभा. सारं गाव त्याला गणपतचा बैल म्हणायचं. बाप सकाळी ट्रक काढायचा तेव्हा त्या बैलाच्या तोंडापुढूनच जावं लागायचं.

ट्रक आलापल्लीच्या जंगलातून बांबू आणि लाकूड बल्लारशाच्या रेल्वेपर्यंत आणायचा. रस्ता नावालाच रस्ता. दिवाळीनंतर मुरमाची लाल धूळ इतकी उडायची की बाप घरी आला की आधी भुवया झटकायचा. ती धूळ इंजिनातही जात होती, पण ते आम्हाला तेव्हा कुठे कळत होतं. पहिल्याच हंगामात इंजिनातून टकटक यायला लागली. बाजाराच्या वळणावर ट्रक वळला की मला घरात चुलीपाशी ती टकटक ऐकू यायची. रहीमचाचाने इंजिन खोललं. चाचा गावचा मिस्त्री, लढाईत फौजेच्या वर्कशापात काम केलेला. आठवडी बाजाराच्या कडेला त्याची टिनाची टपरी. बेरिंगा गेल्या होत्या आणि त्यांच्या आत फिरणाऱ्या क्रँकला ओरखडे पडले होते. क्रँक नागपूरला नेऊन घासून आणली, गुळगुळीत केली, नव्या बेरिंगा टाकल्या. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच पुन्हा तेच. पुन्हा नागपूर. त्या वेळी चाचा बापाला बाजूला घेऊन म्हणाला, पण मी जवळच होते आणि माझे कान तिखट होते.

"गणपतभाऊ, दोन वेळा घासली. आता याच्या अंगात मांस नाई राह्यलं. अबकी बार गेली तर घासाले काहीच नाई. आणि ऐसी क्रँक आता कुठीच भेटत नाई. मग गाडी लोखंडाच्या भावात."

संध्याकाळी मोठाबा आला. त्याच्याही कानावर गेलंच होतं. बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मिरगापर्यंत चालला तुहा टरक, तर मी काई बोलणार नाई. नाई चालला तर दुसऱ्या दिवसापासून जूं तयार हाये." बाप जेवला नाही. मायने दोनदा वाढलेलं ताट झाकून ठेवलं. मी त्याच्याकडे पाहत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो गोल गोल फिरत होता. मी तशी भांडखोरच, लहानपणापासून. मनात म्हटलं, नाई जाऊ देत मी याला त्या बैलामागं. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण नाही म्हणजे नाही.

आता तेल्याचं घर म्हटल्यावर ट्रकचं काढलेलं काळं तेलही आमच्याकडे वाया जात नव्हतं. ते मडक्यात निवत ठेवायचं, गाळायचं आणि बैलबंड्यांच्या आसांना द्यायचं. गाळणार कोण, मीच. कोशावर जो काळा गाळ राहायचा तो उन्हात धरला की त्यात चमक दिसायची. बारीक, चांदीच्या भुशासारखी. मी ते फडकं घेऊन चाचाच्या टपरीवर गेले आणि विचारलं, "चाचा, हे चांदी कुठून येऊन राह्यली?"

चाचाने फडकं डोळ्यांपाशी नेलं. "बेटी, हा बेरिंगचा मसाला हाये. धूळ तेलात जाते, तेल बेरिंगमध्ये जाते, धूळ त्याले घासते. घासून घासून हे निघते."

"म्हणजे गाळ न काढता तेच तेल फिरून राह्यलं?"

"पंपाले जाळी हाये ना खाली."

"जाळीतून तर चिमणीचं अंडं जाईन," मी म्हटलं. चाचा हसला. मला हसू आलं नाही. न गाळलेलं तेल! माझ्या बापाच्या इंजिनात आम्ही तेल्याच्या घरचे लोक न गाळलेलं तेल फिरवत होतो.

त्या दिवशी दुपारी चाचा चांद्याला जाणार होता. इंजिन जोडून झालं होतं, फक्त खालचं चेंबर, तेल साठते ते तसराळं, लावायचं राहिलं होतं, आणि ते बाप स्वतः लावणार होता. बाप ट्रकखाली उताणा आणि मी त्याच्या बाजूला. पंपाची जाळी वरून लोंबत होती, पेल्याएवढी. मी पदराआडून कोशाचा दुहेरी तुकडा काढला, सुई-दोरा काढला. म्हटलं, "बा, हे जाळीवर शिवतो. पंप जे तेल ओढीन ते कोशातूनच ओढीन. एक थेंबही तसा जाणार नाई."

बाप म्हणाला, "चाच्याले विचारू आधी."

"चाचा लोखंडाचे उस्ताद," मी म्हटलं. "तेलाचं त्याइले विचाराचं, का त्याइनं आपल्याले?"

बापाला ते फारच आवडलं. आडवा पडल्या पडल्या हसला तो. कितीही सरळ जायचं म्हटलं तरी रक्त तेल्याचंच होतं. एकही थेंब तसा जाणार नाही, हे ऐकून त्याचं समाधान झालं. अशी चूक दुसऱ्या कोणी केली नसती. कुणब्याने केली नसती, चाचाने तर नाहीच नाही. मी टाके घातले, इतके बारीक की पोलक्यालाही कधी घातले नसतील, आणि आम्ही चेंबर लावून टाकलं.

पहिल्या ट्रिपला मी जाणारच म्हणून हट्ट धरला. माय खवळली. "पोट्टीची जात टरकात बसून आलापल्लीले जाईन? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "तेलाचा काटा कोण पाहीन? बाले रस्ता पाहा लागते." तेलाचा दाब दाखवणारा काटा समोरच्या फळीवर होता, काचेला तडा गेलेला, आणि तो पाहायची कोणाला सवयच नव्हती. माय बराच वेळ भांडी आपटत राहिली. शेवटी तिनेच शिदोरी बांधली, कण्यांचा भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, वडे, आणि माझ्याच हातात दिली. बापाच्या हातात नाही.

जाताना सगळं छान. वैनगंगेवर आष्टीला हिवाळ्यात रपटा पडायचा, पात्रात टाकलेला कच्चा रस्ता, त्यावरून गेलो, पुढे साग सुरू झाला, थंडीने माझे पाय काकडले, आणि काटा आपल्या जागी खिळून होता. आलापल्लीला बांबू भरला. परत निघालो तेव्हा ट्रक भरलेला, इंजिन तापलेलं. तीस मैल तरी गेलो असू. नदीच्या अलीकडच्या चढावर मला काटा थोडा हलल्यासारखा वाटला. मग तो खाली आला. मग आणखी.

"बा, काटा खाली येऊन राह्यला."

"काटाच खराब असन."

"बा, बंद कर इंजिन."

"चढावर कोण बंद करते व? वर जाऊ दे, मग पाहू."

काटा तळाला टेकला. मी वाकले आणि स्वतःच्या हाताने स्विच फिरवून इंजिन बंद केलं. भरलेला ट्रक गचका खाऊन थांबला आणि मागं सरकायला लागला. बापाने कसाबसा ब्रेक ओढला, मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. बाप उतरला आणि त्याने माझ्यावर हात उगारला. आयुष्यात एकदाच. उगारला, पण मारला नाही. मग त्याने हँडल घालून इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहिलं, कान लावून. फिरत होतं. पकडलं नव्हतं अजून, म्हणजे जाम झालं नव्हतं.

तिथेच सावलीत, पिंपात तेल काढून घेऊन, बापाने चेंबर उतरवलं. एकेक बोल्ट माझ्या ओच्यात टाकत होता. चेंबर खाली आलं आणि मी पाहिलं. माझा कोसा जाळीला आत ओढला जाऊन चिकटला होता, आणि त्यावर काळ्या गाळाचा लेप बसला होता, सारवल्यासारखा. सुईच्या अग्राएवढीही जागा नव्हती. इंजिनाला तेलच मिळत नव्हतं. मी गाळायला बसवला होता आणि मीच गळा दाबला होता. घरी फडकं चोंदलं की मी ते धुवायची, मडकं वाट पाहायचं. इंजिन वाट पाहत नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. मला रडू नाही आलं. मला राग आला, स्वतःचाच, इतका की कानशिलं तापली. बापाने खिशातला चाकू काढून माझ्याकडे धरला आणि म्हणाला, "काप ते." मी माझे ते बारीक टाके एकेक करून कापले. ते कापणं मला अजून आठवते.

हात काळे झाले होते आणि रेडिएटरलाही पाणी हवं होतं, म्हणून मी डबा घेऊन नदीवर उतरले. रपट्यावरून नुकत्याच बंड्या गेल्या होत्या, पाणी सगळं गढूळ. तसंच भरायला वाकले तर बाजूने एक गोंड बाई ओरडली, "ते एर नोको बाई! इथी ये." एर म्हणजे त्यांच्याकडे पाणी. ती धारेपासून दोन हात दूर रेतीत बसली होती. तिने हाताने खड्डा केला होता, झिरा, आणि त्यात पाणी पाझरून वर आलं होतं, कसं, तर तळातला रेतीचा कण न् कण दिसावा असं. ती करवंटीने भरून माझ्या डब्यात ओतत होती. झिरे मी लहानपणापासून पाहिले होते, प्याले होते. पण त्या दिवशी मी तिथे बसूनच राहिले. नदी चालली होती आपली, गढूळ तर गढूळ. तिला कोणी अडवलं नव्हतं. थोडंसं पाणी बाजूने येत होतं आणि रेतीतून गाळलं जात होतं. झिरा उद्या बुजला तरी नदीचं काय बिघडणार होतं?

डबा हिंदकळत, निम्मं पाणी सांडत मी चढ चढले. "बा! सारं तेल अडवाचं नाई. थोडंच बाजूले काढाचं, गाळाचं आणि वापस सोडाचं!"

बाप त्या वेळी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तरी म्हणाला, "मग बाकीचं तर गढूळच राहीन."

"नदी निघून जाते, बा. तेल कुठी जाते? तेच तेल गोल फिरते. बैलासारखं. या फेरीले नाई आलं तर पुढच्या फेरीले येईन. दिवसभरात सारंच येईन."

बैलाचं नाव काढल्यावर त्याने माझ्याकडे वर पाहिलं. मग चेंबर चढवायला लागला. आम्ही नुसत्या जाळीवर बल्लारशा गाठलं, माल उतरवला आणि गावी आलो. मी डोळा काट्यावरून हलवला नाही.

चाचाला सांगायला मीच गेले. बाप म्हणाला होता मी सांगतो, मी म्हटलं शिवलं मी, सांगणार मी. चाचाने ऐकून घेतलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "माह्या इंजिनले कपडा नेसवला? बिना पूछे?" त्याचा आवाज चढत गेला. "दोन मील, बेटी. आणखी दोन मील गेली असती तर तुहा बाप आज बैलामागं असता. मालूम हाये तुले?" मी मान खाली घालून म्हटलं, मालूम हाये. मग तिथेच पडलेला कोळसा उचलून टपरीच्या फरशीवर नदी काढली आणि बाजूला झिरा. चाचा चिडलेलाच होता, पण पाहत होता. मी सांगत गेले. माझं संपल्यावर तो उठून बाहेर उभ्या केलेल्या ट्रककडे गेला, बोनेट उघडलं आणि इंजिनाच्या अंगावर एका जागी बोट ठेवलं. तिथे पितळेचं एक बूच ठोकलेलं होतं. मग त्याने समोरच्या पत्र्यावरची चार भोकं दाखवली. त्या भोकांत दोरी ओवून माझा बाप आपली पिशवी टांगत असे.

"इथी काहीतरी होतं," चाचा म्हणाला. "फौजेत काई गाड्याइले इथी एक डब्बा राहाचा. त्यातला माल खतम झाला की नवा भेटत नोता, म्हणून आम्हीच डब्बे काढून फेकाचो. मीच किती फेकले, बेटी." आणि तो तसाच बोनेटला हात लावून उभा राहिला.

तीन दिवस आम्ही तिघे त्या डब्याच्या मागे लागलो. हातपंपाचं जुनं पितळी नळकांडं मिळालं, दोन्ही बाजूंना आटे असलेलं. चाचाने झाकणं केली. पितळेच्या बुचाच्या जागी तांब्याची बारीक नळी, तिच्या तोंडाशी सुई जाईल एवढंच भोक, म्हणजे तेल थोडंच यावं. दुसऱ्या टोकाची नळी वर, तेल ओततो त्या तोंडात परत. आतला माल माझा. घोंगडीचा तुकडा, न पिंजलेला कापूस आणि त्याभोवती कोसा, घट्ट गुंडाळलेला. सगळं बसवल्यावर चाचाने हात पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता सांग. हे चोंदलं तर?"

"चोंदलं तर चोंदलं. इंजिनाले त्याचं तेल भेटतेच."

"आणि चोंदलं हे तुहा बाप कसा ओळखीन?"

चाचाने इंजिन चालू केलं, थोडं तापू दिलं आणि माझा हात धरून नळकांड्यावर ठेवला. गरम होतं. "गरम हाये तवरी तेल फिरून राह्यलं. इंजिन गरम आणि हा थंडा, म्हणजे चोंदला. मग तुह्यापाशी आणाचा." त्यानंतर बाप प्रत्येक मुक्कामाला उतरला की आधी बोनेट उघडून त्या नळकांड्यावर हात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

दर पंधरा दिवसांनी मी आतला माल बदलायची आणि जुना कोसा उन्हात धरायची. पहिल्या वेळी चांदी होती, आणि मी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी शोधावी लागली. होळी गेली, मोहफुलं वेचून झाली, टोळी पडायला लागली, घाण्यावर तो वास सुरू झाला, आणि बाजाराच्या वळणावर ट्रक वळला की मी चुलीपाशी श्वास धरून ऐकायची. नुसती घरघर. टकटक नाही. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा खोडाच्या ओझ्याने मागची स्प्रिंग तुटली आणि बाप रात्रभर आला नाही, तेव्हा मी काय काय बोलले देवाला ते इथे लिहीत नाही. पण इंजिन नव्हतं बिघडलं. मिरग लागला, नदीवरचा रपटा निघाला, आणि ट्रक आपल्या पायांनी घरी येऊन मांडवाखाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठाबा आला. बैलाकडे गेला नाही, सरळ ट्रकपाशी आला. बापाला म्हणाला, "दाखव." बापाला आधी कळेना काय दाखवायचं. मग त्याने तेल मोजायची सळई ओढून काढली आणि मोठाबापुढे धरली. सळईच्या टोकाला थेंब लोंबत होता. इंजिनाचं तेल काळंच असते, कितीही गाळा, आणि मला भीती वाटली की मोठाबा रंगच पाहील. पण तो तेली होता. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. थेंब अंगठ्यावर घेतला, डोळे मिटले आणि चोळायला लागला. घाणा त्या वेळी थांबलेला होता. चाचा पानसुपारीच्या निमित्ताने कुंपणापाशी येऊन उभा होता. बाप दोन्ही हात मागे बांधून. मोठाबाने इतका वेळ कधीच कुठलं तेल चोळलं नव्हतं. अंगठ्यावरून बोट, बोटावरून दुसरं बोट, नखाच्या कडेला, पुन्हा. मी त्या काळ्या पडलेल्या भिंतीकडे पाहत होते. तो वळला तर सहा पावलांवर भिंत होती.

तो वळला नाही. त्याने बोट वर नेलं आणि मिशीवर फिरवलं. आधी डाव्या, मग उजव्या बाजूला.

भिंतीआडून मायचा आवाज आला, "कौशे, मोठाबाले सांग, मिशीले काळं लागलं."

मी सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय त्याने ऐकलं नसतं. "मोठाबा, माय म्हणते, मिशीले काळं लागलं."

"लागू दे," मोठाबा म्हणाला. मग बापाला म्हणाला, "बुधवारी मूलच्या बाजारात जाऊन येतो. तो बैल उगीच उभ्यानं खाऊन राह्यला."